जांभळा गुलाब नेमका कुठे जांभळा राहतो?

ज्यांना लोकलमध्ये, लेक्चरला मागच्या बाकावर किंवा घरचे झोपल्यावर कानात हेडफोन घालता येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित अवतार. बोलताना जरा पसरट झालं होतं, ते इथे आवरलंय. पण फार नाही.

विषय आहे जांभळा गुलाब. झाडांवरचा मागचा भाग आला तेव्हापासून एकच तक्रार माझ्याकडे फिरून फिरून येते. "फोटोत गडद जांभळा होता, घरी आल्यावर गुलाबी निघाला. फसवलं का?" आणि त्याला जोडूनच दुसरं वाक्य, "जाऊ दे, माझ्या हाताला गुणच नाही." पहिल्या प्रश्नाचं उत्तर कधी हो असतं, कधी नाही. दुसऱ्या वाक्याचा मात्र मला राग येतो. कुणीतरी चांगलं जिवंत झाड उचलून कचऱ्यात टाकतं, वर स्वतःलाच दोष देतं. अरे, दोनशे वर्षं युरोपातल्या पट्टीच्या माळ्यांना या रंगाने झुलवलंय! हा रंग एकट्या झाडात नसतोच. झाड आणि हवा यांच्यात जे ठरतं, तो हा रंग. म्हणून जांभळ्या गुलाबाचा इतिहास सांगायचा तर हवामानाचा सांगावा लागतो.

आधी थोडी केमिस्ट्री, पळू नका.

गोकर्णाचा चहा तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. निळ्याशार पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं. रंगद्रव्य तेच, आंबटपणा बदलला म्हणून रंग बदलला. अशा रंगद्रव्यांच्या कुटुंबाला अँथोसायनिन म्हणतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर याने १९१३ च्या सुमारास कॉर्नफ्लॉवर नावाच्या निळ्या फुलातून एक रंगद्रव्य वेगळं काढलं. मग लाल गुलाबातलं काढलं, तर दोन्हीकडे तेच, सायनिडिन! एक फूल आकाशासारखं निळं, दुसरं लालभडक आणि आतला माल एकच. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी त्याला १९१५ चं नोबेल मिळालं. त्याला वाटलं होतं की हा सगळा आम्ल-अल्कलीचा खेळ आहे. कॉर्नफ्लॉवरच्या बाबतीत ते तितकं सोपं नाही. तिथे लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्याबरोबर रंगद्रव्याची एक गुंतागुंतीची जोडणी असते. ती नीट उलगडायला २००५ साल उजाडलं.

गुलाबाची अडचण वेगळी. निळ्या-जांभळ्या फुलांमध्ये बहुतेक वेळा डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य असतं, आणि ते बनवणारं यंत्रच गुलाबाकडे नाही. गंमत म्हणजे आपल्या जांभळात ते आहे. म्हणजे ज्या फळावरून आपण या रंगाला नाव दिलं, त्याच्याकडे जे आहे तेच गुलाबाकडे नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीनबरोबर काम करून पॅन्सीच्या फुलातलं जनुक गुलाबात घातलं. २००४ मध्ये घोषणा झाली आणि २००९ मध्ये 'अप्लॉज' नावाने ती फुलं जपानात विकायला आली. बघाल तर फिकट जांभळी, निळी म्हणवत नाहीत. म्हणून कुणी तुम्हाला मोबाइलवर शंभर रुपयांत 'निळ्या गुलाबाचं बी' विकत असेल तर सरळ पुढे सरका. एक तर निळा गुलाब असा नसतोच. दुसरं म्हणजे बागेतले गुलाब कलमाने किंवा फांदीने वाढवतात. बियाणं लावलं तर आईसारखं फूल येईल याची काही खात्री नसते.

मग डेल्फिनिडिन नसताना गुलाब जांभळा होतो कसा? काटकसरीने. आहे तेच सायनिडिन, त्याला दुसऱ्या रंगहीन द्रव्यांची साथ, आणि पाकळीतल्या रसाचा आंबटपणा किंचित कमी झाला की छटा लालाकडून जांभळ्याकडे सरकते. वाढदिवसाच्या बुकेतला लाल गुलाब तिसऱ्या दिवशी कडेला जांभळट पडतो, तो याच कारणाने. पण या सगळ्यात उष्णतेने मोडता घातला की खेळ संपला. कळी तयार होताना हवा तापलेली असेल तर झाड हे रंगद्रव्यच कमी बनवतं. वर कडक ऊन पडलं तर जे बनलं तेही विटतं. हे डोक्यात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावर आहे.

आता इतिहासाकडे.

युरोपातला जुना जांभळा गुलाब म्हणजे गॅलिका. मध्य आणि दक्षिण युरोपापासून तुर्कस्तान, कॉकेशसपर्यंतचं हे झुडूप. वाईनसारख्या, मखमली, राखाडी झाक असलेल्या जांभळ्या छटा त्याच्यात मुळातच होत्या. पण दोन अटी. वर्षातून एकदाच फुलणार, आणि त्याआधी कडाक्याचा हिवाळा हवा. हिवाळ्यात नीट झोप झाली नाही तर गॅलिका उन्हाळ्याच्या तोंडावर धड उठतच नाही. पुण्यात किंवा नागपुरात ते लावलं तर पानं दिसतील, फुलांची आशा नको.

मग अठराव्या शतकाच्या शेवटी चीनमधले गुलाब युरोपात पोचले. इथे आपल्याकडची एक वाट लागते. हे गुलाब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून आले आणि त्यातले काही कलकत्त्यात थांबून पुढे गेले. कलकत्त्याजवळ शिबपूरला कंपनीने १७८७ मध्ये बाग सुरू केली होती. चीनहून आलेली झाडं तिथे जमिनीत लावायची, जगवायची, मग लंडनला पाठवायची. त्यामुळे फ्रेंच लोक या चिनी गुलाबांना 'बंगालचे गुलाब' म्हणायला लागले, आणि शास्त्रीय पुस्तकांत 'रोझा इंडिका' हे नाव चिकटलं. चीनच्या माळ्यांनी शेकडो वर्षं जोपासलेलं झाड, कलकत्त्यातल्या माळ्यांनी जगवलेलं, आणि इंग्लंडमध्ये त्यातल्या गडद लाल जातीला नाव मिळालं 'स्लेटर्स क्रिमसन चायना'. ज्यांनी पाणी घातलं त्यांची नावं कुठेच नाहीत. इतिहासाची ही सवय काही नवी नाही म्हणा.

या चिनी गुलाबांनी दोन गोष्टी आणल्या. एक सगळ्यांना माहीत असते: ते वर्षभर पुन्हा पुन्हा फुलतात. २०१२ मध्ये संशोधकांनी याचं कारण जनुकात शोधलं. फुलोरा थांबवणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसून बसलाय, त्यामुळे ब्रेकच निकामी झाला. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. युरोपचे गुलाब उन्हात फिके पडतात, चिनी गुलाब उन्हात गडद होतात. म्हणजे थंड देशाचा जांभळा रंग आणि गरम देशाचं ऊन सोसणं, यांची गाठ पडायची शक्यता प्रथमच तयार झाली.

त्या मिश्रणातून १८४० च्या दशकात 'कार्डिनल दे रिशेल्यू' आला. हा बेल्जियममधल्या पार्मांतिए यांच्या बागेतला मानतात. पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखा रंग, काटे जवळजवळ नाहीत, पण फुलणार एकदाच. १८६० मध्ये फ्रान्समधून 'रेन दे व्हायोलेत', म्हणजे जांभळ्या फुलांची राणी आली. ही पुन्हा पुन्हा फुलते. लालसर उमलते आणि दिवस सरतो तशी जांभळी होत जाते. सुपीक माती, भरपूर खत आणि बऱ्यापैकी गार हवा असं सगळं मिळालं तर राणी, नाहीतर रुसलेली राणी.

इथून गोष्टीला दोन फाटे फुटतात, एक बर्फाकडे आणि एक उन्हाकडे.

बर्फाकडचा फाटा जपानच्या किनाऱ्यावरून निघतो. तिथे, कोरियात आणि रशियाच्या पूर्व टोकाला समुद्रकाठच्या वाळूत रुगोसा नावाचा रानगुलाब उगवतो. जपानीत त्याला हामानासु म्हणतात, होक्काइडोचं ते मानाचं फूल. जाड, सुरकुतलेली पानं, अंगभर बारीक काटे, खारा वारा आणि बर्फ दोन्ही सोसणारा. युरोपातल्या रोपवाल्यांनी त्याचे संकर केले. १९०१ मध्ये फ्रान्समध्ये 'रोझरे द ला'ए', १९०५ मध्ये हॉलंडमध्ये 'हान्सा'. आपल्याला नाव ऐकून हंस आठवतो, पण फूल गडद लालसर जांभळं आणि वास लवंगेचा.

माझी चुलतबहीण एडमंटनला असते. तिथे हिवाळ्यात उणे तीस काही विशेष नाही. तिच्या अंगणात हान्सा आहे, आणि ती त्याला काहीही करत नाही. खरंच काहीही नाही. बर्फ पडतो, तोच झाडाचं पांघरूण. मेमध्ये बर्फ गेला की मेलेल्या काड्या ती कापते. जूनच्या अखेरीस झुडूप फुलांनी लगडतं. मला व्हिडिओ कॉलवर दाखवते तेव्हा मी मुद्दाम विषय बदलतो! तिच्याकडून एक गोष्ट मात्र कळली. तिकडे झाड घेताना लोक विचारतात, हे स्वतःच्या मुळावरचं आहे की कलम? कारण थंडीने वरचं सगळं मेलं आणि झाड स्वतःच्या मुळावरचं असेल, तर जमिनीतून पुन्हा हान्साच येतो. कलम असेल तर येतो खालचा खुंट.

हेच आपल्याकडे उन्हाने होतं, आणि 'जांभळा गुलाब गुलाबी झाला' या तक्रारीतल्या बऱ्याच तक्रारी खरं तर याच असतात. नर्सरीत जांभळ्या जातीचा डोळा एखाद्या दणकट रानटी खुंटावर भरलेला असतो. उन्हाळ्यात वरचं नाजूक कलम वाळतं, खालून जोमदार फुटवा येतो, आपण खूश होतो, आणि सहा महिन्यांनी फुलतो भलताच गुलाब. डोळा भरलेल्या गाठीच्या खालून आलेला फुटवा दिसला की तो लगेच काढा. कात्रीने छाटू नका, बुडातून ओढून काढा. आणि तो खुंट 'एडवर्ड' असेल तर टाकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. हा एडवर्ड म्हणजे हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या बूर्बों गुलाबांपैकी मानतात. तिथे कुंपणाला लावलेले चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब आपसूक मिसळले, त्यांची ही संतती. म्हणजे त्या 'बंगालच्या गुलाबा'चा नातू तुमच्या कुंडीत तळाला बसलेला असतो.

आता उन्हाकडचा फाटा, आणि माझा आवडता माणूस. रॉबर्ट बास्ये. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक, टोपॉलॉजीत डॉक्टरेट. दिवसा गणित शिकवायचं आणि उरलेल्या वेळात गुलाबांचे संकर करायचे, असं दशकानुदशकं चाललं. त्याला सुंदर फुलाचं फारसं वेड नव्हतं. त्याला झाड हवं होतं काटे नसलेलं, फवारणीशिवाय निरोगी राहणारं, टेक्सासच्या उन्हात उभं राहणारं. त्याचा हिशेब साधा होता: बाजारातले देखणे गुलाब एकमेकांशी संकरून तेच तेच दुबळेपण फिरत राहणार, म्हणून रानात जा.

त्याने एका बाजूला रुगोसा घेतला, बर्फातला. दुसऱ्या बाजूला घेतला रोझा फोलिओलोसा, टेक्सास-ओक्लाहोमाच्या माळरानावरचा बुटका रानगुलाब. अरुंद पानं, बहुतेक पांढरी फुलं, उन्हाची सवय. या दोघांतून १९६८ मध्ये आलेलं झुडूप 'बास्येज पर्पल रोझ' म्हणून ओळखलं जातं. फूल फक्त पाच पाकळ्यांचं, फुलवाल्याच्या दुकानात कुणी ढुंकून बघणार नाही असं. पण रंग! गडद, किरमिजीकडे झुकलेला जांभळा, आतले केसरसुद्धा त्याच रंगात, कोवळ्या फांद्यांवरही तीच झाक. काट्यांच्या बाबतीत मात्र निराशा, भरपूर आहेत. शिवाय मुळांतून फुटवे काढत शेजाऱ्याच्या हद्दीत शिरायची खोड.

मला या झाडाचं मोल वाटतं ते त्याच्या आईबापांमुळे. एक पालक उणे तापमानातला, एक तापलेल्या माळावरचा. गॅलिकाचा रंग हिवाळ्याच्या उधारीवर होता. इथे कुणीतरी ठरवून रंग आणि ऊन एका झुडपात बसवायचा प्रयत्न केला, आणि तो कुठल्याही मोठ्या कंपनीने नाही तर हौशी माणसाने केला. पुढे त्याच्या देणगीतून त्याच विद्यापीठात गुलाबाच्या जनुकशास्त्राचं अध्यासन उभं राहिलं.

हौशी माणसांची गोष्ट निघाली तर फ्रँक काउलिशॉ राहायला नको. हा इंग्रज, व्यवसायाने रोपवाला नव्हे. त्याचा 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' २००३ मध्ये ब्रिटनचा 'रोझ ऑफ द इयर' झाला. त्याच्या वंशावळीत १९६४ चा जर्मन 'ब्लू मून' आहे, तसाच 'व्हायोलेसिया' नावाचा जुना गॅलिकाही आहे. बघा, गॅलिका परत आलाच. जांभळा उमलतो आणि जुना होताना पाटीसारखा निळा-राखाडी पडतो. हा आपल्याकडच्या काही नर्सऱ्यांत मिळतो, आणि माझ्या पुण्यातल्या गच्चीवर चार वर्षं आहे.

चार वर्षांतलं निरीक्षण सांगतो. डिसेंबर-जानेवारीत, रात्री दहा-बारा अंशांवर असतात तेव्हा, फूल फोटोतल्यासारखं असतं आणि बरेच दिवस टिकतं. मार्च उलटला की लालसर, लहान. एप्रिल-मेमध्ये सकाळी उमललेलं संध्याकाळपर्यंत राखेसारखं. झाड तेच, कुंडी तीच, माळी तोच. आता सांगा, हाताचा गुण डिसेंबरात येतो आणि मेमध्ये जातो का?

रोपाच्या चिठ्ठीवर 'झोन ५' वगैरे लिहिलेलं असतं, त्याने फसू नका. हे झोन अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० मध्ये काढले, आणि ते फक्त एवढंच सांगतात की हिवाळ्यात तापमान किती खाली जातं. झाड थंडीत मरेल का, याचं उत्तर त्यात आहे. उन्हात काय होईल याबद्दल अवाक्षर नाही. त्यासाठी अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ मध्ये वेगळा नकाशा केला. त्यात वर्षातले किती दिवस तापमान ३० अंशांच्या वर जातं ते मोजलं जातं. नागपूरकरांनी हा आकडा मनातल्या मनात मोजला तरी घाम फुटेल.

मग करायचं काय? सकाळचं ऊन पूर्ण द्या, दुपारी बारानंतर सावली. मार्चपासून हिरवी जाळी. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात तापते आणि मुळं शिजतात, म्हणून मातीची किंवा जाड भिंतीची मोठी कुंडी, वर वाळक्या पानांचा थर. एप्रिल-मेमध्ये कळ्या खुडून टाका. जीव कठीण होतो, पण त्या फुलांत रंग येणारच नसतो, झाडाची ताकद तरी वाचते. बोअरचं जड पाणी आणि काळी माती असेल तर पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसेल. ती लोहाची ओरड आहे, शेणखत वाढवा आणि लोहाचं चिलेट द्या. कोकणात प्रश्न उन्हापेक्षा दमटपणाचा. पानांवर काळे ठिपके पडतात, आणि ऱ्हॅप्सडी या बाबतीत जरा कच्चाच आहे. माझ्या मावशीने चिपळूणला तो कौलाच्या पागोळीपासून लांब, वारा खेळेल अशा ठिकाणी ठेवलाय. पडलेली पानं ती रोज गोळा करते, तेव्हा कुठे श्रावण निभावतो.

आपल्या हवेसाठी आपल्या लोकांनी काम केलं नाही असं नाही. गव्हाच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. बी. पी. पाल दिल्लीत गुलाबांचे संकर करत होते. भारतातल्या गुलाबांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. दिल्लीच्याच भारतीय कृषी संशोधन संस्थेतून १९७५ मध्ये 'नीलांबरी' ही फिकट जांभळ्या झुपक्यांची जात आली. आयएएसची नोकरी सोडून कोडाईकनालला स्थायिक झालेले एम. एस. विराराघवन यांनी उष्ण हवेसाठीच गुलाब घडवले. त्यासाठी त्यांनी मणिपूरच्या डोंगरातला रोझा जायगँटिया घेतला आणि बंगाल-बिहारच्या पाणथळ जागी उगवणारा रोझा क्लिनोफायला. पाय पाण्यात आणि डोकं उन्हात ठेवणारा रानगुलाब आपल्याच देशात आहे! बास्येने माळरानात जे शोधलं, त्याला जोड देणारं सामान इथे ओढ्याकाठी पडलंय.

तोवर ज्यांच्याकडे जांभळा गुलाब आहे त्यांनी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी करा. साधारण सहा-सात आठवड्यांत, म्हणजे डिसेंबरच्या गारव्यात फुलं येतील. एक फोटो तेव्हा काढा, एक मेमध्ये त्याच झाडाचा, आणि गाव व तारीख लिहून मला पाठवा. पुढच्या भागात केवड्याबद्दल बोलू.